बाबांच्या वहीत "गीत :" पुढे सोडलेली मोकळी जागा (गीतकारांबद्दल मदत हवीये, ठाणे-नवी मुंबईकरांनी जरूर वाचा)

पाचपाखाडीची_लेक

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

आमच्या सोसायटीत दर कोजागिरीला गच्चीवर गाण्यांचा कार्यक्रम असतो. आधी नुसत्या भेंड्या असायच्या, गेली काही वर्षं कराओके आलंय, कुणाचा तरी स्पीकर, कुणाचा लॅपटॉप, तीसेक जणं नावं देतात आणि मसाला दूध हातात पडेपर्यंत रात्रीचा एक वाजतो. दरवर्षी विषय गायकाचा असतो. एकदा लता, एकदा आशा, गेल्या वर्षी बाबूजी, म्हणजे सुधीर फडके. यंदा ठरवायचं काम माझ्याकडे आलंय आणि मला गायक नकोय, गीतकार हवेत. ज्यांचे शब्द चालीइतकेच, कधी कधी चालीच्या आधी मनात बसतात असे.

कारण सांगते. बाबा मार्चमध्ये गेले. कपाट आवरताना त्यांची एक वही सापडली, वाण्याकडे उधारीची असते तशी लांबट, लाल पुठ्ठ्याची. आत सगळी गाणी, रेडिओवरून उतरवलेली. आकाशवाणीवर 'आपली आवड' लागलं की बाबा वही मांडीवर घेऊन बसायचे हे मला आठवतंय, पण ते नक्की काय लिहितात हे मी कधी बघितलं नव्हतं. एका बैठकीत गाणं पूर्ण उतरत नाही ना, त्यामुळे पहिलं कडवं निळ्या शाईत आणि दुसरं काळ्या, म्हणजे मधे कधीतरी ते गाणं परत लागेपर्यंत थांबलेत ते. एका गाण्याचं शेवटचं कडवं तर पेन्सिलीने आहे आणि अक्षर थरथरलेलं, म्हणजे अगदी अलीकडचं.

आणि प्रत्येक गाण्याखाली आधी गीत, मग संगीत, मग गायक. हाच क्रम, कधी बदललेला नाही. जिथे निवेदकाचं बोलणं ऐकू आलं नसेल तिथे संगीताच्या पुढे नुसती आडवी रेघ मारलीये, गायकाच्या पुढे पण रेघ, पण "गीत :" च्या पुढे रेघ नाही. तिथे जागा मोकळी सोडलीये. नंतर भरायची म्हणून. अशा मोकळ्या किंवा शंकेच्या अकरा जागा होत्या, त्यातल्या सात मी भरल्यात, चार राहिल्यात.

१) 'जीवनात ही घडी अशीच राहू दे'. संगीत यशवंत देव लिहिलंय, गीत मोकळं. नेटवर मला दोन ठिकाणी दोन नावं दिसली.

२) 'सांज ये गोकुळी'. गायिका आशा भोसले, बाकी मोकळं.

३) दोन सिनेमातल्या गाण्यांखाली "डॉ. वसंत अवसरे" लिहिलंय आणि त्याला मोठं प्रश्नचिन्ह. बाबांना बहुतेक कळत नव्हतं हे डॉक्टर कोण. मलाही कळत नाहीये.

४) एक कोळीगीत. गीतच्या पुढे "पारंपरिक" लिहून त्या शब्दाभोवती गोल केलाय. का केलाय माहीत नाही.

अजून एक. वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेलं नाव पी. सावळाराम यांचं आहे, चौदा गाणी. पहिल्यांदा आलं तिथे समासात बारीक अक्षरात "आपले ठाण्याचे" असं लिहिलंय. मी जन्मापासून ठाण्यात राहते, 'गंगा जमुना डोळ्यात उभ्या का' माझ्या लग्नात आत्याने म्हटलं तेव्हा मी रडले होते, पण हा माणूस आपल्या ठाण्यात राहायचा आणि ठाण्याचा नगराध्यक्ष होता हे मला बाबांच्या वहीमुळे कळलं. मला खूप लाज वाटली खरंच.

तर दोन गोष्टी सांगा. या चार जागा कोण भरून देईल? आणि तुमचे कोण, ज्यांच्या शब्दांसाठी तुम्ही गाणं ऐकता? नाव नुसतं नको, का ते सांगा, कारण मला प्रत्येक गाण्याआधी दोन वाक्यं बोलायची आहेत.

---

हार्मोनियम_कळवा

पहिली जागा मी भरतो. 'जीवनात ही घडी' चे शब्दही यशवंत देवांचेच आहेत. सगळे त्यांना संगीतकार म्हणून ओळखतात म्हणून तुमच्या बाबांना शंका आली असणार की गीत पण तेच कसे, पण ते कवीच होते मुळात. लिहा बिनधास्त.

आणि देवांचं नाव निघालंच आहे तर सांगतो, त्यांचं 'शब्दप्रधान गायकी' नावाचं पुस्तक आहे, ते मिळालं तर कार्यक्रमाच्या आधी तुमच्या गाणाऱ्यांना वाचायला द्या. मी पंचवीस वर्षं भावगीतं शिकवतोय, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, सर ही हरकत, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, कशी घ्यायची. कुणी विचारत नाही की सर श्वास कुठे घ्यायचा. आणि गाणं बिघडतं ते श्वासाने. 'या जन्मावर या जगण्यावर शतदा प्रेम करावे' ही ओळ घ्या, पाडगावकरांचे शब्द, देवांची चाल, अरुण दातेंनी गायलेलं. कराओकेवर दहातले सात जण "शतदा" म्हणून श्वास घेतात कारण तिथपर्यंत दम संपलेला असतो. मग "प्रेम करावे" एकटं पडतं. आता शंभर वेळा काय करायचं, तर प्रेम, ते दोन शब्द एकमेकांना चिकटलेले आहेत, ते तोडले की अर्थ गेला, सूर कितीही नेमका लागो. "जगण्यावर" झाल्यावर छोटासा श्वास चोरा आणि मग शेवटपर्यंत एका दमात जा. करून बघा, गच्चीवर लोक गप्प होतात की नाही.

पण ताई एक गोष्ट मी तुम्हाला ठासून सांगणार. शब्द शब्द करताना चालीला खाली ढकलू नका. 'श्रावणात घन निळा बरसला' ही पाडगावकरांची सुंदर कविता आहे, मान्य, पण संगीतकार श्रीनिवास खळे काकांनी कडव्यांना वेगवेगळ्या चाली दिल्यात, एकच अंतरा घोळवला नाही. का, तर प्रत्येक कडव्यात कवी वेगळ्या ठिकाणी जातोय, एकात वाट बघणं आहे, एकात रंग आहेत, एकात माहेर आहे. शब्द वाचून त्यांना हे कळलं म्हणून चाल बदलली. म्हणजे उत्तम संगीतकार हा कवितेचा पहिला चांगला वाचक असतो. एवढं तुमच्या दोन वाक्यांत कुठेतरी येऊ द्या.

---

नौपाडा_निवृत्त_शिक्षिका

अगं बाळा, तुझं वाचून मला सकाळपासून चैन नाही.

तुझ्या बाबांचे डॉक्टर म्हणजे आपल्या शांताबाई. शांता शेळके. काही चित्रपटगीतं त्यांनी डॉ. वसंत अवसरे या टोपणनावाने लिहिली. ते प्रश्नचिन्ह खोडू नकोस, त्याच्या पुढे शांताबाईंचं नाव लिही म्हणजे दोन्ही राहील.

मी एकोणतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यात नववीला आणि दहावीला सगळ्यात जास्त. मुलं कवितेला घाबरतात पण गाण्याला घाबरत नाहीत, म्हणून मी वर्गात आधी 'तोच चंद्रमा नभात' म्हणायचे आणि मग सांगायचे की आता बघा यात काय चाललंय. या गाण्याचं मूळ एका संस्कृत श्लोकात आहे, शीला भट्टारिका नावाच्या कवयित्रीचा. त्यात ती म्हणते, तोच प्रियकर आहे, त्याच चैत्राच्या रात्री आहेत, तोच फुलांचा वास आहे, तरी माझं मन रेवा नदीच्या काठच्या त्या जागेसाठी झुरतंय. शांताबाईंनी बोलणारा बदलला, तिच्या जागी तो आला, आणि झुरण्याच्या जागी आलं विझणं. सगळं तेच आहे, तूही तीच आहेस, आणि काहीतरी आता नाही. धुंदी आज ती कुठे, प्रीती आज ती कुठे, एवढंच बाई विचारतात, का गेली ते सांगत नाहीत. वर्गातली मुलं सोळा वर्षांची, त्यांना काय कळणार हे, पण पंचवीस वर्षांनी एक विद्यार्थी मला तलावपाळीवर भेटला, केस पांढरे झालेले, म्हणाला बाई ते चंद्रमाचं आता कळलं.

आणि हीच बाई 'मी डोलकर' लिहिते, हीच 'शूर आम्ही सरदार' लिहिते, हीच 'काटा रुते कुणाला' लिहिते. प्रत्येकाची भाषा वेगळी, जणू चार बायकांनी लिहिलंय. गदिमांचं, म्हणजे माडगूळकरांचंही तसंच, 'बुगडी माझी सांडली गं' आणि 'कानडा राजा पंढरीचा' आणि 'नाच रे मोरा' एकाच हातातून आलंय हे मुलांना पटायचं नाही. त्याच हातातून गीतरामायणाची छप्पन्न गाणी. १ एप्रिल १९५५ ला रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला नवं गाणं. माझी आई सांगायची की त्या वेळी आमच्या वाड्यात रेडिओला हार घालायचे. दर आठवड्याला लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची, नवा प्रसंग, नवं पात्र, नवं वृत्त, आणि कुठे घाईचा डाग नाही.

सावळारामांबद्दल तू लाज वाटली म्हणालीस. वाटून घेऊ नकोस, ठाण्यात हजारोंना माहीत नाही. त्यांच्या नावाने ठाण्यात दरवर्षी पुरस्कार देतात, तो कार्यक्रम बघायला जा एकदा. मला त्यांचं मोठेपण कशात वाटतं सांगू का, त्यांनी घरातल्या गोष्टीवर गाणी लिहिली. लेक सासरी जातेय, बाप गेलाय आणि त्याने लावलेला वृक्ष मागे आहे, डोईवर घट आहे, सप्तपदी झालीये. 'कल्पवृक्ष कन्येसाठी लावूनिया बाबा गेला' हे लताबाईंनी गायलंय, वसंत प्रभूंची चाल, आणि लताबाईंचे वडील त्या लहान असताना गेलेले, त्यामुळे ते ऐकताना कवी कुठे संपतो आणि गाणारी कुठे सुरू होते ते कळत नाही. तुझ्या कार्यक्रमात हे गाणं तू म्हण. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.

---

खारघर_सेक्टर_वीस

सांज ये गोकुळी = सुधीर मोघे. संगीत श्रीधर फडके. 'वजीर' सिनेमातलं. झाल्या तीन जागा भरून.

मोघ्यांची अजून घ्या, 'सखी मंद झाल्या तारका' घ्या, 'फिटे अंधाराचे जाळे' घ्या, 'दिसलीस तू फुलले ऋतू' घ्या. लोक ही गाणी सकाळ-संध्याकाळ ऐकतात आणि गीतकार विचारला की गदिमा म्हणतात. त्या माणसाचं नाव घेतलं गेलंच पाहिजे.

माझा प्रवास उलटा झालाय. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा २०१६ ला बॉब डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं, हॉस्टेलवर रात्रभर वाद चालला की गाणी लिहिणाऱ्याला साहित्याचं नोबेल कसं काय. त्या नादात मी डिलन ऐकला, मग लिओनार्ड कोहेन ऐकला, वही काढून शब्द लिहून घ्यायला लागलो. आणि सुट्टीत घरी आलो तर आई स्वयंपाकघरात 'नाही कशी म्हणू तुला' गुणगुणत होती, आणि मी पहिल्यांदा शब्द ऐकले. म्हणजे हे गाणं माझ्या कानावर जन्मापासून आहे आणि मी ते एकविसाव्या वर्षी ऐकलं. आरती प्रभूंचं आहे ते. मग 'गेले द्यायचे राहून' ऐकलं आणि दोन दिवस काही सुचलं नाही.

तेव्हा एक जाणवलं की तिकडे लिहिणारा, चाल लावणारा, गाणारा बहुतेक वेळा एकच असतो, त्यामुळे त्याचं नाव हरवत नाही. आपल्याकडे तीन माणसं असतात आणि लोकांच्या लक्षात आवाज राहतो. त्यामुळे मला संदीप खरे महत्त्वाचे वाटतात, कारण स्वतः लिहून स्टेजवर उभं राहून म्हणणारा माणूस आमच्या पिढीने समोर बघितला. 'आयुष्यावर बोलू काही' २००३ पासून चाललंय. मी वाशीच्या भावे नाट्यगृहात बाबांसोबत बघितलं, 'दमलेल्या बाबाची कहाणी' सुरू झालं, माझे बाबा तेव्हा रोज पनवेल-सीएसएमटी करायचे, सहाची लोकल आणि रात्री नऊला परत. ते काही बोलले नाहीत, फक्त खुर्चीच्या हातावर माझा हात होता त्यावर त्यांनी हात ठेवला आणि गाणं संपेपर्यंत काढला नाही. आमच्या घरात असं कोणी करत नाही.

बाकी हक्काचं पण बोला जमलं तर. २०१२ ला कॉपीराइट कायदा बदलला तेव्हा कुठे गीतकाराला रॉयल्टीचा हक्क नीट मिळाला, जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले होते. त्याआधी किती जणांनी एकरकमी पैसे घेऊन गाणी देऊन टाकली असतील विचार करा.

---

ऐरोली_सेक्टर_पंधरा

सगळी नावं छान आहेत पण एक बाजू राहतेय म्हणून लिहितोय. रागाने नाही, मनापासून.

आमच्याकडे १४ एप्रिलला जी गाणी लागतात त्यातली कितीतरी वामनदादा कर्डक यांची आहेत. वामनदादा सिन्नरजवळच्या देशवंडीचे, १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म. मुंबईत मिलमध्ये कामाला आले तेव्हा लिहिता वाचता येत नव्हतं. एकाने पत्र वाचून दाखवायला दिलं, यांना वाचता येईना, त्याची इतकी खंत वाटली की मोठ्या वयात अक्षरं शिकले. आणि मग त्या अक्षरांनी काय केलं बघा. गावोगाव फिरून स्वतः गायले. माझे आजोबा सांगतात वामनदादा आले की कार्यक्रम पहाटेपर्यंत चालायचा आणि लोक दुसऱ्या दिवशी कामावर तीच गाणी म्हणत जायचे. ज्यांनी पुस्तक हातात घेतलं नाही त्यांनी बाबासाहेबांचा विचार गाण्यातून घेतला. 'भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते' हे गाणं नुसतं गौरवाचं नाहीये, ते आपल्याच लोकांना विचारलेला प्रश्न आहे, की बाबा तू त्या पाचात आहेस का. आजोबा ते ऐकताना मान खाली घालायचे. मी लहान होतो, मला वाटायचं झोप आली त्यांना.

आणि अण्णा भाऊ साठेंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड, म्हणजे शाहिरी ढंगाची लावणी, घ्याच. वरवर नवरा मुंबईला आलाय आणि बायको गावाला राहिलीये, तिचं वर्णन, तिची आठवण. आणि पुढे जाता जाता कळतं की मैना म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या बाहेर राहिलेला मुलूख पण आहे. एका रूपकात घर पण आणि राज्य पण. अमर शेखांसारखे शाहीर असं मैदानात गायचे, माईक असो नसो.

कोजागिरीच्या गच्चीवर ही गाणी का नसतात हा प्रश्न मला खरंच पडतो. कराओके ट्रॅक नाहीये हे कारण असेल तर एक ढोलकी पुरते. मी वाजवतो, सांगा, येईन.

---

माजिवडा_रसिक

कवी ग्रेस कुणीच कसे नाही घेतले?? 'भय इथले संपत नाही' आणि 'ती गेली तेव्हा रिमझिम' या दोन गाण्यांशिवाय शब्दांचा कार्यक्रम होऊच शकत नाही.

---

हार्मोनियम_कळवा

@माजिवडा_रसिक ग्रेस महान, वाद नाही. पण मी विद्यार्थ्यांना अर्थ विचारतो तेव्हा एकालाही सांगता येत नाही, मलाही सगळा सांगता येत नाही. मग लोकांना भिडतात ते शब्द की हृदयनाथ मंगेशकरांची चाल? ही शंका मला प्रामाणिकपणे आहे.

---

माजिवडा_रसिक

@हार्मोनियम_कळवा सर, अर्थ सांगता येणं आणि अर्थ कळणं वेगळं ना. माझी आई गेली तेव्हा चौथ्या दिवशी घरात कोणी नव्हतं, 'भय इथले संपत नाही' मी नुसतं वाचलं, लावलं नाही, मोबाईलवर अक्षरं वाचली. चाल नव्हती आवाज नव्हता. त्या दिवशी मला त्यातली संध्याकाळ कळली. कडव्याचा भावार्थ लिहा म्हणाल तर आजही नापास होईन.

---

नौपाडा_निवृत्त_शिक्षिका

पूर्ण गुण. मी दिले.

---

घणसोली_गावातला

ताई तुमची चौथी जागा. मी उत्तर देतो पण ते नाव नाहीये.

आधी 'डोलकर' चं सांगतो कारण इथे वर आलंय. लोकांना वाटतं डोलकर म्हणजे डोलणारा, होडी डोलते म्हणून. तसं नाही. डोल हे जाळं असतं, पिशवीसारखं लांब, भरती-ओहोटीच्या ओढीत खुंटांना बांधून लावतात, बोंबील त्यातच मिळतो. ती डोल लावणारा तो डोलकर. शांताबाई इंदापूरच्या, समुद्र नाही तिकडे, तरी त्यांनी नेमका शब्द उचलला, त्याबद्दल त्यांना सलाम. आमच्याकडे हळदीला ते गाणं लागतंच आणि सगळे नाचतात.

पण तुमच्या बाबांनी "पारंपरिक" ला गोल केला ना, तो मला लागला. आम्ही आगरी. आमच्या लग्नात धवला असतो, बाहेरच्या लोकांना फारसं माहीत नाही. धवलारीण म्हणजे धवला म्हणणारी बाई, बहुतेक दोघी असतात, एक उचलते दुसरी मागून घेते. मांडव घालताना वेगळा धवला, हळद लावताना वेगळा, देवाला बोलावताना वेगळा. ढोल नाही ताशा नाही पेटी नाही, नुसता आवाज, आणि चाल म्हणाल तर जवळजवळ एकच, तासन् तास. म्हणजे तिथे शब्दच आहेत, दुसरं काही नाहीच. माझी मोठी आत्या धवलारीण आहे, सत्तरीच्या पुढे आहे, सही करायच्या जागी अंगठा देते, आणि तिला किती धवले येतात ते आम्ही कधी मोजले नाहीत. मी तिला एकदा विचारलं की हे डीजेवर लागतं ते पण आपलंच गाणं ना, तर म्हणाली "त्या गाना नाचाला, यो धवला सांगाला." म्हणजे ते नाचायला आहे, हे सांगायला आहे. काय सांगायला विचारलं तर म्हणाली पोरीला सांगायचं की आता काय काय होणार, आणि देवांना सांगायचं की या.

ती म्हणताना मधे मधे स्वतःचं घालते. नवरीच्या आईचं नाव, गावाचं नाव, वडील वारले असतील तर त्यांचं. माझ्या बहिणीच्या लग्नात तिने आमच्या खाडीचं घातलं होतं, की जिथे मिठागर होतं तिथून आता गाड्या जातात आणि पोरी तुझी वरात त्या रस्त्याने जाईल. ते तिने त्या दिवशी, त्या क्षणी रचलं. कुणी लिहून घेतलं नाही, मी पण नाही, मी तेव्हा डीजेवाल्याशी भांडत होतो जागेवरून. आता ती ओळ तिला पण आठवत नाही. रेडिओवर लागलं असतं तर पारंपरिक म्हणाले असते. मला वाटतं तुमच्या बाबांना तेच खटकलं असणार, की अहो कुणीतरी बाईने कधीतरी हे रचलंय, तिचं नाव कुणी विचारलं नाही. म्हणून गोल.

---

पाचपाखाडीची_लेक

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण काय लिहू कळत नव्हतं.

तीन जागा भरल्या. निळं पेन वापरलं, बाबांच्या शाईच्या जवळचं. 'जीवनात ही घडी' पुढे यशवंत देव, 'सांज ये गोकुळी' पुढे सुधीर मोघे, आणि डॉक्टरांच्या प्रश्नचिन्हापुढे शांताबाई. बाई, तुम्ही म्हणालात तसंच, खोडलं नाही.

कार्यक्रमाचं असं ठरतंय. लॅपटॉपवरच्या ट्रॅकला फक्त गाण्याचं आणि गायकाचं नाव आहे, मी काल बसून सगळ्या फायलींची नावं बदलली, आधी गीतकार, मग संगीतकार, मग गायक. सत्तावन्न फायली. भाचा मदतीला होता, तो नवव्या गाण्यालाच म्हणाला की मावशी हे पण गदिमाच का, आणि मग मोजायला लागला. गाणाऱ्याने गायच्या आधी गीतकाराचं नाव स्वतःच्या तोंडाने घ्यायचं असं सांगितलंय. एक काका म्हणाले एवढा वेळ कशाला, मी म्हटलं काका तीन सेकंद. कळव्याच्या सरांचं श्वासाचं मी छापून सगळ्यांना वाटणार आहे, आणि 'श्रावणात घन निळा' आधी खळे काकांचं बोलणार, वचन.

ऐरोलीचे दादा, ढोलकी घेऊन याच. 'माझी मैना' तुम्ही म्हणणार की आणखी कुणाला आणताय तेवढं सांगा, वामनदादांची दोन गाणी पण हवीत. ट्रॅकच्या आधी, सुरुवातीलाच घेऊया, तेव्हा सगळे जागे असतात.

'कल्पवृक्ष' मी म्हणणार आहे. घरी चार वेळा म्हणून बघितलं, चारही वेळा दुसऱ्या कडव्याच्या पुढे जाता आलं नाही. बघू.

घणसोलीचे दादा, चौथ्या जागेचं काय करू? आणि विचारू का नको असं दोन दिवस चाललंय माझं, पण विचारते. तुमच्या आत्या येतील का आमच्या गच्चीवर? आम्ही गाडी पाठवू, जेवण आमच्याकडे, रात्री परत सोडू. गाणं नाही म्हटलं तरी चालेल, नुसत्या बसल्या तरी आम्हाला आनंद आहे.

---

घणसोली_गावातला

विचारलं. आधी नाही म्हणाली. मांडव नाही, नवरी नाही, तर धवला कुणाला सांगायचा, असं तिचं म्हणणं आणि ते बरोबर आहे, मी आग्रह केला नाही. मग मी तिला तुमच्या बाबांच्या वहीचं सांगितलं, जागा सोडल्याचं आणि गोलाचं. तर बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, शेतावर भात लावताना आम्ही म्हणायचो ती म्हणेन, ती चालतात. आमची शेतं आता नाहीत पण गाणी येतात तिला. माईक नको म्हणते. आणि एकटी येणार नाही, तिची जोडीदारीण पण येईल, ती गोठिवलीला राहते, दोघींना एकाच गाडीत घ्या.

चौथ्या जागेचं पण विचारलं मी. ते कोळीगीत तिने रचलेलं नाही, तिचं नाव तिथे लिहू नका म्हणाली. जागा तशीच राहू दे.

तिला पायऱ्या जमत नाहीत, लिफ्ट गच्चीपर्यंत जाते का तेवढं कळवा.

---

पाचपाखाडीची_लेक

सातव्या मजल्यापर्यंत जाते, वर एक जिना आहे, चौदा पायऱ्या. मी वॉचमनकाकांशी बोलले, खुर्चीत बसवून दोघं जण वर नेतील. नाहीतर कार्यक्रमच खाली पार्किंगमध्ये घेऊ, चंद्र तिथूनही दिसतो, मी काल रात्री जाऊन बघितलं.